टोपीतला नंबर

शारजा, ८ ऑगस्ट १९९९

आबा,

आधीच्या कागदावर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, तो फाडला. तेरा वर्षं ज्याने साधं पोस्टकार्ड टाकलं नाही, त्याने एकदम साष्टांग नमस्कार घातला तर तुम्ही म्हणाल, सोंग आणतंय बेणं. म्हणून नुसतं आबा. मी महादू. तुमचा थोरला. हे पत्र फाडायचं तर फाडा, पण वाचून फाडा.

परवा रंजीशी फोनवर बोललो. पंधरा दिरहमचं कार्ड, म्हणजे पावणेदोनशे रुपये. ती म्हणाली, दादा, एवढ्यात माझी साडी आली असती. मग तिने गावची बातमी सांगितली. कारगिलनंतर गावाने ठरवलंय म्हणे, चावडीपुढे काळा दगड उभा करायचा आणि आपल्या गावातून पलटणीत गेलेल्या प्रत्येकाचं नाव त्यावर कोरायचं. जिवंत असोत, गेलेले असोत. एकशे अकरा नावं. येत्या सव्वीस जानेवारीला दगड उघडणार.

आणि त्यात हवालदार दौलत कणसे नाही. काही लोकांनी अडवलं. ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याची टोपी, त्याचं नाव कशाला, असं म्हणाले. तुम्हाला विचारायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "नको तर नको."

आबा, ते बोलणं गावाचं नाही, माझं आहे. माझ्या तोंडातून निघालं आणि तेरा वर्षं गावात फिरत राहिलं. मी मात्र विमानात बसून इकडे आलो.

मी इथे काय करतो हे रंजीने सांगितलं असेल आणि तुम्ही ऐकलं नसेल. मी टोप्या शिवतो. हसा. भरतीला न जाता पळालेला पोरगा फौजेच्या टोप्या शिवतो. रोला चौकाजवळ कमरुद्दीनभाईंचं युनिफॉर्मचं दुकान आहे, भाई चिपळूणचे. शाळा, हॉटेल, सिक्युरिटी, बँडवाले, सगळ्यांचं काम येतं; पण मागच्या खोलीत फक्त शिपायांच्या टोप्या. तिथे माझं मशीन. भिंतीवर खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीवर एकेक: आरमाराच्या पांढऱ्या, बँडच्या लाल पट्टीच्या, गोल लोकरी बेरे, चकतीसारखे. सकाळी शटर वर केलं की त्या सगळ्या माझ्याकडे बघतायत असं वाटतं. नऊ वर्षं झाली, अजून त्या खोलीत मी चप्पल घालून जात नाही. भाई म्हणतात, "अरे महादू, दुकान आहे का देऊळ?" मी म्हणतो, तुमच्यासाठी दुकान.

नवा बेरे कसा बसवतात माहितीये? गरम पाण्यात बुडवायचा, पिळायचा, आणि ओलाच शिपायाच्या डोक्यावर घालून हाताने दाबत बसवायचा. मग शिपायाने स्टुलावर बसून राहायचं, वाळेपर्यंत. लोकर त्या डोक्याचा आकार घेते. वाळला की तो त्याचाच. दुसऱ्याला घालून बघा, कुठेतरी उठतो. तो पोऱ्या स्टुलावरून उठून आरशासमोर जातो तेव्हा मी हातातलं काम ठेवतो. आत्ता गल्लीत सँडविच खाणारं पोर असतं, आणि टोपी चढली की त्याची मान अर्धं बोट वर जाते. मी टेप लावून मोजलंय! कापड तेच, जे मी दुपारी कापलं. मग हे वर चढतं ते काय, मला अजून कळलेलं नाही.

लांबण लावतोय. सांगायचं ते एवढंच: तुमची टोपी माझ्याकडे आहे. पळताना मी घेऊन आलो होतो. नीट आहे, धडधाकट आहे. सव्वीस जानेवारीच्या आत पाठवतो. ती घाला आणि दगडापुढे जाऊन उभे राहा. बघू कोण अडवतो.

महादू

शारजा, १७ सप्टेंबर १९९९

आबा,

तुमचं उत्तर नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी रोज भाईंना विचारतो, पोस्टबॉक्स उघडली का. रंजी म्हणते, पत्र आलं तसं तुम्ही ट्रंकेत टाकलंत. उघडून की बंद, ते तिला दिसलं नाही.

मागच्या पत्रात एक थाप मारली. टोपी धडधाकट नाही. तुकड्यांत आहे. बिस्किटांच्या डब्यात ठेवलीय, तेरा वर्षं. दोन बाजू, दोन पाळी, माथ्याची पट्टी, आतली चामड्याची पट्टी, दोन बटणं. तुमच्यासमोर उसवलेली होती, तशीच.

तो पंधरा ऑगस्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी सतरा वर्षांचा. सोमवारी मला भरतीला न्यायचं तुम्ही ठरवलेलं. मला विचारलं नव्हतं. कशाला विचाराल? आपल्या गावात घरटी एक शिपाई, त्यात काय विचारायचं. आणि मला तर लहानपणापासून वेड तुमच्या टोपीचं, बंदुकीचं नाही! कापडाचे सपाट तुकडे एकमेकांना लावले की त्यातून ही घडीची होडी कशी उभी राहते, हे मला बघायचं होतं. तुम्ही वर्षातून दोनदा ती ट्रंकेतून काढायचात, ब्रश मारायचात, झेंड्याला जायचात. जमिनीवर कधी ठेवली नाहीत, आम्हाला हात लावू दिला नाहीत. मग मी चोरून काढली आणि शिंप्याच्या ओट्यावर बसून दाभणाने उसवली. बेत रातोरात शिवून परत ठेवायचा होता. उसवायला अर्धा तास लागला. शिवायला बसलो तर काय कुठे लागतं कळेना.

सकाळी तुम्ही शोधत शाळेच्या मैदानावर आलात तेव्हा तुकडे माझ्या हातात होते. तुम्ही सगळ्यांसमोर मुस्काटात मारलीत. मारलीत ते बरोबर केलंत. पण माझ्याही डोक्यात राख. तुमचा पलटणीतला नंबर मला पाढ्यासारखा पाठ, शेवटचे चार आकडे ४४१७. आणि चामड्याच्या पट्टीखाली शाईने लिहिलेलं होतं ४३९२. तर मी ओरडलो, "टोपी तरी तुमची आहे का? आत दुसऱ्याचा नंबर आहे! कुणाची चोरलीत?"

तुम्ही काहीच बोलला नाहीत. नर्मदाकाकू शेजारीच उभ्या होत्या, हातात ताट. दर झेंड्याला त्या आपल्या नवऱ्याची, भिवाकाकांची टोपी ताटात ठेवून आणायच्या, पासष्टच्या लढाईत ते गेले त्यानंतर पेटीतून आलेली ती. हळदकुंकू वाहिलेली. तुम्ही एकदा त्यांच्याकडे बघितलंत आणि मान खाली घालून घरी गेलात. गावाने तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ काढला. त्यानंतर तुम्ही झेंड्याला गेला नाहीत आणि मी घरी आलो नाही.

मी चुकलो हे मान्य. पण आबा, मनातलं लिहितो, राग येईल. नंबर तुमचा नव्हताच ना? मी खोटं कुठे बोललो? एक शब्द बोलला असतात तर गाव गप्प बसलं असतं. बोलला का नाहीत? हे विचारायला मला तेरा वर्षं लागली. म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुमचाही नाही, माझाही नाही.

टोपी जोडायला घेतो आहे. आता मला येतं.

महादू

शारजा, २१ ऑक्टोबर १९९९

आबा,

जोडायचं अडलं. डबा उघडतो, तुकडे मांडतो, परत झाकण लावतो. शेकड्याने टोप्या शिवल्या. ह्या एकीपुढे बोटं आखडतात. तेवढ्यात भाईंनी मला खोर फक्कानला पाठवलं. तिथे जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही शिपाई आहात, तुम्हाला कळेल.

सालेम नावाचे एक म्हातारे आहेत, बंदराच्या मागच्या वस्तीत घर. इंग्रजांच्या काळी इथे वाळवंटात स्काउट्सची पलटण होती, तिच्यात ते शिपाई होते. त्या पलटणीला कॅप नव्हती. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं फडकं डोक्याला आणि त्यावर काळं लोकरीचं कडं, अगाल म्हणतात त्याला, तीच त्यांची वर्दी. आता नातू फौजेत लागलाय. दोन डिसेंबरला इथला राष्ट्रीय दिवस, तेव्हा आजोबांनी जुना वेष घालावा अशी घरच्यांची इच्छा. फडकं मात्र भोकांनी भरलेलं. नातू म्हणाला, "बाबा, न्यू वन घेऊ." म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा चहा आणायला आत गेला.

मी फडकं मांडीवर घेतलं. कापड इतकं जुनं की श्वास लागला तरी विरेल. दहा-बारा भोकं, इकडे तिकडे विखुरलेली. मी सुई काढली आणि म्हटलं, "बाबा, कसर लागलीय, रफू करून देतो, यल्ला, चला, एका तासाचं काम." म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पकड अशी की सुई खाली पडली. हिंदी छान बोलतात इथले जुने लोक. म्हणाले, "दर्जी, पहले छेद से पूछो. बाद में सिलाई."

मग त्यांनी ते फडकं जमिनीवर पसरलं. तिरकी घडी घातली. मग दुसरी, मग तिसरी, गळ्याभोवती गुंडाळायला घालतात तशी. सावकाश. आणि ती दहा-बारा विखुरलेली भोकं, आबा, एकावर एक येत गेली आणि शेवटी एकच भोक उरलं. आरपार. त्यातून खालची सतरंजी दिसत होती.

ते म्हणाले, "ये मेरा नहीं है. ये उसका है." मित्राचं. डोंगरात गोळी लागून गेला. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कसर! मी त्याला कसर म्हणालो होतो. माझ्या अंगावर काटा आला तो परतीच्या टॅक्सीत वाटेतलं मसाफी गाव येईपर्यंत गेला नाही. नातू चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता, त्याच्याही डोळ्यांत पाणी. त्याला हे माहीतच नव्हतं, इतकी वर्षं एका घरात राहून.

मी फडक्याला टाका घातला नाही. फक्त कडा विरू नयेत म्हणून खालून पातळ जाळी लावली. भोक तसंच ठेवलं. म्हाताऱ्याने फडकं डोक्याला बांधलं, वर अगाल चढवला, आणि उभा राहिला. मी पण उभा राहिलो. आपोआप.

आणि आबा, तुमच्या टोपीलाही रफू आहेत. आठ. मी ते कायम कसरीचे समजत आलो.

महादू

शारजा, २३ ऑक्टोबर १९९९

आबा,

हात धुऊन, अंगावरचा सदरा बदलून डबा उघडला. तुकडे जागच्या जागी ठेवले, कच्च्या दोऱ्याने धरले, टोपी उभी केली. रफू आठ: चार पुढच्या अंगाला, चार मागच्या. डोक्यावर घातली तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध लागत नाही. मग मला सालेमबाबांचे हात आठवले. लढाईत डोक्यावर लोखंडी टोप. मग घडीची टोपी कुठे जाते? मी टोपी चपटी केली. मग मधोमध दुमडली, सदऱ्याच्या खिशात मावेल अशी.

आठही रफू एकावर एक आले. मी सुई लावली, ती सरळ आरपार गेली. कुठेही अडली नाही.

टोपी माझ्या डाव्या खिशापाशी धरली तेव्हा सुई छातीच्या कुठे येते ते मला दिसलं. भाई जेवायला हाक मारून दमले.

मग बाकीचं नीट पाहिलं, शिंप्याच्या डोळ्यांनी. चामड्याच्या पट्टीवर तपकिरी डाग, धुऊन धुऊन फिका झालेला. पट्टीच्या आत घोंगडीची बारीक चिंधी शिवलेली, कारण टोपी घालणाऱ्याच्या डोक्याला मोठी होत होती. ते टाके शिंप्याचे नाहीत. जाड, वाकडेतिकडे, पण प्रत्येकाला दोनदा गाठ मारलेली. तुमचे टाके, आबा. माझ्या शाळेच्या दप्तराला तुम्ही असेच घातले होते.

रंजीला फोन केला. म्हटलं, नर्मदाकाकूंची पेन्शनची कागदं तूच भरतेस ना, भिवाकाकांच्या नंबराचे शेवटचे चार आकडे सांग. ती म्हणाली, "कशाला?" मी म्हणालो, इथे लकी ड्रॉ आहे, शुभ आकडा हवाय. ती म्हणाली, "लाज नाही वाटत दादा, विधवेच्या पेन्शनवर लॉटरी लावतोस?" पण सांगितले. चार, तीन, नऊ, दोन.

तर असं झालं होतं. भिवाकाका गेले तेव्हा त्यांची पेटी घरी धाडायची होती आणि ती भरायला तुम्ही होतात. एका गल्लीतले, एका दिवशी भरती झालेले. त्यांची टोपी तुमच्या हातात होती, तशी भोकं पडलेली, तशी भिजलेली. ती पेटीत ठेवली असती तर काकूंनी पेटी उघडून काय बघितलं असतं? म्हणून तुम्ही तुमची धड टोपी पेटीत ठेवलीत. आणि ही धुतलीत, रफू केलीत, चिंधी लावून लहान केलीत आणि डोक्यावर घातलीत. बरोबर ना? मी काही चुकत असेन तर एका ओळीने सांगा. पण मी चुकत नाहीये. कापड खोटं बोलत नाही.

म्हणजे चौतीस वर्षं नर्मदाकाकू देव्हाऱ्याशेजारी ठेवून जिला हळदकुंकू वाहतात, ती तुमची टोपी आहे. तिच्यात ४४१७ असणार. आणि तुम्ही झेंड्याला त्यांच्यासमोर उभे राहायचात ते भिवाकाकांची घालून.

आणि मी त्या मैदानावर, त्या बाईच्या देखत तुम्हाला विचारलं, कुणाची चोरलीत.

एक शब्द बोलला असतात तर सुटला असतात. तो शब्द काकूंच्या ताटात पडला असता. म्हणून तुम्ही मान खाली घातलीत आणि स्वतःचं नाव घालवलंत. तेरा वर्षं चोर म्हणवून घेतलंत! आबा, मी इथे मोठमोठ्या हुद्द्याच्या लोकांच्या टोप्यांवर सोनेरी दोरा भरलाय. असा माणूस माझ्या घरात होता आणि मी त्याच्या भाकरीवर वाढलो, हे मला आता, इतक्या लांब बसून कळतंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मला माफ करा असं लिहायलाही तोंड नाही. तरी लिहितो. माफ करा.

महादू

शारजा, १० डिसेंबर १९९९

आबा,

टोपी तयार आहे. शेजारच्या कॅम्पमधला समाधान आपल्या तालुक्याचा, बांधकामावर सेंट्रिंगला आहे, पुढच्या आठवड्यात सुट्टीवर निघतो. त्याच्या हाती देतोय. हँडबॅगेत ठेव, विमानात पायाशी ठेवू नकोस, मांडीवर घे, असं बजावलंय. तो म्हणाला, "दादा, टोपीच हाय ना, का देव हाय?"

एक टाकादेखील नवीन भोकातून घातलेला नाही. जुनी भोकं भिंग लावून शोधली, त्यातूनच सुई नेली. दोरा मात्र माझा. मूळचा मीच तोडला होता. तुमच्या आठ रफूंना हात लावला नाही. तुमची चिंधीही होती तिथेच आहे. चामड्याच्या पट्टीखाली, नंबरावरून, मी अस्तर घातलंय. ते उसवून बघायला माझ्याएवढा नालायक दुसरा जन्माला यावा लागेल.

हे मी रंजीला सांगितलेलं नाही. भाईंना नाही, कुणालाच नाही. तुम्ही ठेवलंत तसं मीही ठेवीन.

सोबत दुसरा कागद आहे, सरपंचांच्या नावाचा. सगळ्यांसमोर वाचायचा. त्यात मी खोटं लिहिलंय. आयुष्यभर तुम्ही मला खरं बोलायला शिकवलंत, आणि तुमच्यासाठी एवढं एकच करता येतंय, तेही खोटं. वाचू द्यायचा की चुलीत घालायचा, तुम्ही ठरवा.

महादू

(सरपंचांना दिलेला कागद)

मी महादू दौलत कणसे, राहणार सध्या शारजा, लिहून देतो की पंधरा ऑगस्ट १९८६ रोजी शाळेच्या मैदानावर माझ्या वडिलांच्या टोपीत दुसऱ्याचा नंबर आहे असं मी बोललो, ते खोटं होतं. टोपी मीच चोरली होती, मीच उसवली होती आणि मार खाल्ल्याच्या रागात मनाला येईल ते बोललो. टोपीत नंबर हवालदार दौलत कणसे यांचाच होता. ते गप्प बसले, कारण मुलाला चारचौघांत खोटा पाडणं त्यांना जमलं नाही. गावाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आता ह्याही शब्दावर ठेवावा. माझ्या लबाडीची शिक्षा त्यांना नको. मला काय बोलायचं ते बोला. मी गावात येईन तेव्हा तोंडावर बोला, मी ऐकून घेईन.

शारजा, २० फेब्रुवारी २०००

आबा,

रंजीने फोनवर सगळं सांगितलं. तीन कार्डं संपली. मी तिला तीनदा परत परत सांगायला लावलं.

की सव्वीस जानेवारीला सरपंचांनी चावडीपुढे कागद वाचला. मग कुणीतरी मला आईवरून शिवी हासडली आणि सगळे एकदम बोलायला लागले. छान झालं. की पाथरवटाला तिथल्या तिथे बसवून दगडावर एकशे बारावं नाव खोदायला लावलं, आणि ते पुरं होईपर्यंत कुणी झेंडा चढवू दिला नाही. की तुम्ही उशिराच आलात, एकटे, हळूहळू, काठी न घेता. डोक्यावर टोपी. रंजी म्हणाली, "दादा, आबा वेगळेच दिसत होते रे. मी त्यांना ओळखलंच नाही घडीभर." मी तिला म्हटलं, मान अर्धं बोट वर गेली असेल.

की नर्मदाकाकू ताट घेऊन पुढे आल्या. तुम्ही ताटातल्या टोपीला कडक सलाम ठोकलात आणि हात बराच वेळ खाली घेतला नाहीत. गावाला वाटलं, दौलत भिवाला सलाम करतोय. बरोबरच होतं गावाचं. फक्त भिवाकाका ताटात नव्हते.

आणि मग काकूंनी ताट रंजीच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी तुमच्या डोक्यावरची टोपी जरा नीट केली, आणि म्हणाल्या, "भावजी, उजवीकडे कलंडतीय. ह्यांची बी अशीच कलंडायची."

आबा, काकूंना ठाऊक होतं का हो?

मी त्यावर फार विचार केला. नवऱ्याच्या डोक्याचं माप बायकोला माहीत नसतं का? तुमचं डोकं भिवाकाकांहून लहान. पेटीतून आलेली टोपी हातात घेतली तेव्हाच त्यांना कळलं असेल. पहिल्याच दिवशी. मग त्या दिवशी मैदानावर त्याही का गप्प बसल्या? तुम्ही त्यांच्यासाठी गप्प, आणि त्या तुमच्यासाठी. तुम्ही जे जपत होतात ते मोडू नये म्हणून. दोन घरं सोडून राहता तुम्ही एकमेकांपासून, आणि एवढं सगळं एका शब्दाशिवाय. मी खरंच हात जोडतो तुम्हा दोघांना.

आता मुख्य गोष्ट. समाधान काल परत आला. कॅम्पवर न जाता सरळ दुकानात. म्हणाला, म्हाताऱ्याने तुझ्यासाठी दिलंय. मी विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "काय बी न्हाई. मी निघताना थांब म्हनले. दोरा घेतला, डोक्याभवती धरला, दातानं तोडला, दोन्ही टोकांना गाठ मारली. कागदात गुंडाळला आन् दिला."

कागद कोरा होता. मी उलटसुलट करून पाहिला, उजेडाला धरून पाहिला. मग दोरा मशीनवर सरळ ताणला आणि टेप लावला. सव्वाएकवीस इंच. नऊ वर्षं जगातल्या लोकांच्या डोक्यांची मापं घेतली. तुमचं काल पहिल्यांदा हातात आलं. दोऱ्याला तुमच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे अजून. मी सगळ्यांसमोर रडलो. भाईंनी शटर अर्धं खाली ओढलं आणि गिऱ्हाइकांना म्हणाले, "खलास, आज दुकान बंद."

भिवाकाकांची टोपी ट्रंकेत ठेवली असेल तुम्ही. राहू द्या, ती तुमच्याकडेच शोभते. मी आज सकाळी हिरवं कापड कापलं, मोकळ्या टेबलावर, चप्पल बाहेर काढून. घोंगडीची चिंधी लागणार नाही. पंधरा ऑगस्टला मी स्वतः घेऊन येतो, सुट्टी मागितलीय. मारायचं असेल तर मैदानावरच मारा.

आतल्या पट्टीवर शाईने नंबर लिहून झालाय, आता वाळतोय. ४४१७.

महादू